रॉम्बस महाराजांची बाज

बसा, चहा उकळतोय. तोवर माझी एक फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. दुसऱ्याकडून ऐकाल तर मीठमसाला लावून ऐकाल, आणि खरं सांगतो, या गोष्टीला आणखी मिठाची गरज नाही. मुळातच खारट आहे.

मी गणिताचा मास्तर. राहतो भिवंडीत, शाळा अंबाडीच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत. आठवीपर्यंतची. एवढी वर्षं रोज त्या रस्त्याने ट्रकच्या मागे धूळ खात जातो आणि ट्रकच्या मागेच धूळ खात येतो. येत्या मे महिन्यात सुटतो. कुणी विचारलं की सर, निवृत्तीनंतर काय करणार, तर मी सांगतो, झोपणार. लोक हसतात. त्यांना वाटतं मी विनोद केला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर लोकांना दमायला काय होतं? शिकवून नाही हो दमत. शिकवायला वेळच कुठे असतो? खिचडीच्या तांदळाचा हिशोब मी ठेवायचा, मतदार याद्या मी तपासायच्या, कुणाच्या घरी शौचालय आहे ते मी जाऊन बघायचं आणि ते मोबाइलवर भरताना रेंज जाते म्हणून शाळेमागच्या टेकाडावर चढून हात वर करून मीच उभं राहायचं. मधल्या वेळात गणित.

तर दहा-बारा वर्षांपूर्वी ठरलं की आमची शाळा सेमी-इंग्रजी होणार. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पोरं तीच, मास्तर तेच, फळा तोच, फक्त शब्द इंग्रजी. मी स्वतः शिकलो मराठीत. मराठीतली भूमिती म्हणजे साधीसरळ माणसं. नावातच सगळं सांगून मोकळी होतात. समांतरभुज चौकोन, म्हणजे भुजा समांतर. समभुज चौकोन, म्हणजे चारही भुजा सारख्या. काही विचारायलाच नको. आणि इंग्रजीत त्या समभुज चौकोनाचं नाव काय? रॉम्बस. आता या रॉम्बसवरून तुम्हाला काय कळतं सांगा. मला तर एखाद्या सर्दीच्या औषधाचं नाव वाटलं.

पहिल्या सेमीच्या आठवीला मी फळ्यावर एक तिरका चौकोन काढला. चौरसाला कुणी कोपऱ्यातून ढकलल्यावर होईल तसा. खाली लिहिलं, रॉम्बस. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, समभुज म्हणजे सारख्या भुजा ना? मग रॉम्बस म्हणजे काय?"

चूक तिची नव्हती. आम्हीच तिला सात वर्षं शिकवलं होतं की शब्दाला अर्थ असतो.

त्या दिवशी मी सकाळपासून मतदार याद्या घेऊन पाच पाडे फिरून आलो होतो. एका पाड्यावर कुत्रं मागे लागलं होतं. पाय ठणकत होते. लोक म्हणतात खोटं बोलायला फार डोकं लागतं. काही लागत नाही. डोकं "माहीत नाही, उद्या बघून सांगतो" म्हणायला लागतं, कारण मग उद्या खरोखर बघावं लागतं. माझ्यात ती ताकद नव्हती. खुर्चीत बसलो होतो, ती खुर्ची एका बाजूला कलली होती, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"रॉम्बस हे एका पंडिताचं नाव आहे. ग्रीस देशातला पंडित."

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पोरं एकदम गप्प झाली. आठवीच्या पोरांना गप्प झालेलं तुम्ही पाहिलंय? मास्तरच्या आयुष्यात असे क्षण फार कमी. मला मोह झाला.

"हा पंडित अंगाने भारी. त्याची एक बाज होती, चौरस. रात्रंदिवस त्याच बाजेवर बसून गणितं सोडवायचा. वजनाने बाजेचे सांधे ढिले झाले आणि एक दिवस सगळी बाज तिरकी झाली. पंडित खाली उतरला, बघतो तर काय? चारही बाजू आहेत तेवढ्याच आहेत. बदलले ते फक्त कोन. मग बाज सरळ करायला त्याने समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोऱ्या ताणून बांधल्या. बघतो तर काय? दोऱ्या मधोमध एकमेकींना बरोबर काटकोनात छेदतायत. तेव्हापासून या आकाराचं नाव रॉम्बस."

"सर, बाज चौरस कशी? त्याचे पाय बाहेर येत असतील," एकजण म्हणाला.

"तो बुटका होता."

"भारी पण आन बुटका पण?"

"त्या काळी सगळेच ग्रीक बुटके होते," मी म्हणालो आणि तास संपल्याची घंटा झाली. एका घंटेने वाचलो, असं मला तेव्हा वाटलं.

सहामाहीचे पेपर तपासताना पहिल्यांदा धक्का बसला. रॉम्बसच्या प्रश्नावर अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर. अख्ख्या! बाजू समान, कोन वेगळे, कर्ण काटकोनात. जी पोरं स्वतःच्या नावाची वेलांटी चुकवतात त्यांनीसुद्धा लिहिलं होतं. आता सांगा, पुढच्या वर्षी मी ती गोष्ट सोडून देणार होतो का? पुढच्या वर्षी सांगितली, त्याच्या पुढच्या वर्षी सांगितली. दरवर्षी पंडिताला एखादा दागिना चढला. एका वर्षी त्याला तापट बायको दिली. बाज मोडल्याबद्दल ती त्याला बोलते, असा प्रवेश मी वठवून दाखवत असे. इतिहासाच्या बाई एकदा वैतागून पेपर घेऊन आल्या, कारण पोरांनी लिहिलं होतं की ग्रीक सैनिक बुटके असल्यामुळे त्यांना भाले लांब लागत. मी बाईंची नजर चुकवून तांदळाचा हिशोब काढून बसलो.

मग बोलक्या भिंतींचं खूळ आलं. शाळेच्या भिंतींवर चित्रं आणि माहिती रंगवायची, म्हणजे पोरं येता-जाता शिकतील. आमच्या मुख्याध्यापिका पाटील बाई उत्साही. त्यांनी परस्पर ठरवलं की गणिताच्या भिंतीवर कर्णिक सरांची रॉम्बसची गोष्ट. मी म्हटलं, "कशाला बाई, पाढे लिहा." त्या म्हणाल्या, "सर, तुमचा हा साधेपणाच नडतो तुम्हाला."

भिवंडीहून अस्लमभाई पेंटर आले. त्यांचं खरं काम टेम्पोच्या मागचे पत्रे आणि गोदामांवरच्या पाट्या रंगवायचं. मला विचारतात, "सर, ग्रीक आदमी दिखता कैसा है?"

"मला काय माहीत? दाढी असते."

"बस, दाढी है तो काम हो गया."

संध्याकाळी जाऊन बघतो तर भिंतीवर जटा वाढवलेला, भगवी कफनी घातलेला, डोक्यामागे तेजाचं वलय असलेला एक साधू तिरक्या बाजेवर मांडी घालून बसलेला. दोन्ही बाजूंना टेम्पोवर काढतात तशी कमळं. आणि खाली ठळक अक्षरांत, रॉम्बस महाराज.

"महाराज कुणी लिहायला सांगितलं?"

"इतना बड़ा आदमी, सर. सिर्फ नाम अच्छा नहीं लगता."

पुढच्या गुरुवारी त्या भिंतीपाशी झेंडूचं फूल ठेवलेलं सापडलं. मी ते गुपचूप उचलून खिशात टाकलं आणि घरी गेल्यावर बायकोला दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी फूल आणलं म्हणून ती बिचारी खूश झाली. आता तिलाही खरं सांगायचं राहूनच गेलंय. असो.

मग आमच्या भागातल्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख साहेब आले. भिंतीसमोर उभे राहिले, गोष्ट वाचली, परत वाचली आणि म्हणाले, "याला म्हणतात शिक्षण." त्यांच्या हाताखालच्या सगळ्या शाळांना आदेश गेला आणि अस्लमभाईंना महिनाभराचं काम मिळालं. माझा नमुना पाठ ठेवला. एका तरुण शिक्षकाने तो मोबाइलवर काढून इंटरनेटवर टाकला. तापट बायकोच्या प्रवेशासकट. आता गावोगावी भिंतीवर महाराज आणि मोबाइलमध्ये मी. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी काहीच केलं नाही. मी दमलो होतो.

हे असंच निवृत्तीपर्यंत ढकललं असतं. पण या हिवाळ्यात, निवृत्तीआधी कपाटातल्या वस्तूंची यादी करून द्यायची म्हणून मी शाळेचं जुनं लाकडी कपाट काढलं. तळाला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. बहुधा शाळा सुरू झाल्यापासून कुणी उघडला नसावा, पानं एकमेकांना चिकटलेली. पुस्तक फाटलंय की चांगलं, हे यादीत लिहायचं होतं म्हणून मधेच उघडलं, आणि मग हात आपोआप 'आर'कडे गेला. इतकी वर्षं गेला नव्हता, नेमका त्या दिवशी गेला.

रॉम्बस. मूळ ग्रीक शब्द. अर्थ, गरगर फिरणारी वस्तू. भोवरा.

मी तीनदा वाचलं. पंडित नाही, बाज नाही, बायको तर नाहीच. भोवरा. मग टेबलाचा खालचा खण उघडला. वर्गात खेळतात म्हणून पोरांकडून जप्त केलेले भोवरे मी त्या खणात टाकत असे. पंधरा-वीस तरी असतील. दोन उचलले आणि डोकी जोडून आडवे धरले. दोन्हीकडे टोक, मधे फुगीर. अगदी फळ्यावर काढतो तो तिरका चौकोन. म्हणजे ज्या दिवशी त्या मुलीने विचारलं की रॉम्बस म्हणजे काय, त्या दिवशीही उत्तर माझ्या गुडघ्यापाशी खणात पडलेलं होतं. ते मीच तिच्या भावंडांकडून हिसकावून घेतलेलं होतं. मला अगदी मनापासून लाज वाटली. खण बंद केला आणि यादीत लिहिलं, शब्दकोश एक, स्थिती चांगली.

हे सगळं कुणाला न सांगता मी मे महिना गाठला असता. मी काही धाडसी माणूस नाही. पण मधे सायली आली.

सायली आमच्या आठवीतली. तिचे वडील थोडी शेती करतात आणि कशेळीकडच्या एका गोदामात ड्युटीला जातात. अंबाडीच्या हायस्कुलात प्रश्नमंजुषा होती, आसपासच्या सगळ्या शाळांची, आणि आमच्या शाळेकडून ती जाणार होती. पहिलं बक्षीस सायकल. एका गोदामवाल्या शेठनी ठेवलेली. बाकीच्यांना ती सायकल होती, सायलीला नववी होती. आमची शाळा आठवीत संपते. हायस्कूल अंबाडीला, आणि एसटी अशी की एकतर शाळा भरायच्या दोन तास आधी पोचवते नाहीतर प्रार्थना झाल्यावर. वडिलांनी सांगितलं होतं, सायकल मिळाली तर रोज घरून जा. नाहीतर कोन गावात आत्याकडे राहून शिक.

"सर, आत्या वाईट न्हाय," सायली मला म्हणाली होती. "पण तिच्याकडं सगळी भांडी मलाच घासायला लागतात. आन मग आई हिकडं एकटी."

स्पर्धेच्या आठ दिवस आधी तिने तयारीची वही दाखवायला आणली. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात, खाली दोन रेघा मारून: रॉम्बस, ग्रीक पंडित, बाज. बाजूला चित्रही काढलेलं. झोपलेला महाराज, पाय बाहेर नाहीत.

त्या चित्राने माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला कपाटापाशी बोलावलं, शब्दकोश उघडून दाखवला आणि सांगितलं की पंडिताची गोष्ट माझ्या मनातली आहे. तिने ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानदाराने सुट्टे कमी दिले की आपण बघतो तसं.

"मंग भिंतीवर?"

"ते मी बघतो. तू मात्र हे मेपर्यंत कुणाला सांगू नकोस."

"मेपर्यंत का?"

"मे महिन्यात मी रिटायर होतो."

तिने मान डोलावली. ती समजूतदार आहे. एवढ्या लहान वयात इतकं समजूतदार असायची वेळ येऊ नये खरं तर.

"आन स्पर्धेत विचारलं तर?"

"छे. रॉम्बस कोण विचारतंय?"

स्पर्धेच्या दिवशी अंबाडीच्या हायस्कुलाचा हॉल गच्च भरलेला. मला व्यासपीठावर बसवलं, गणितातले तज्ज्ञ म्हणून. गळ्यात हार. मागच्या दाराशी सायलीचे वडील उभे, ड्युटी बदलून आलेले, अंगात गोदामाचाच गणवेश. कोपऱ्यात सायकल, तिच्या हँडलला लाल फीत.

फेऱ्या झाल्या. शेवटी दोघंच उरली, सायली आणि दुसऱ्या शाळेचा एक चष्मेवाला मुलगा. गुण सारखे. केंद्रप्रमुख साहेब माइकपाशी गेले. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्याकडे बघून प्रेमाने हसले.

"शेवटचा प्रश्न मी मुद्दाम आपल्याच मातीतला ठेवलाय. रॉम्बस या शब्दाचा उगम सांगा."

सायलीने आधी बेल वाजवली. पण बोलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे बघत होतो. व्यासपीठावरचा पंखा चांगला फिरत होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी बघत होतो.

"भोवरा," ती म्हणाली. "ग्रीक शब्द हाय. गरगर फिरणारी वस्तू."

"चूक," साहेब म्हणाले.

चष्मेवाल्या मुलाने बाजेसकट सगळं म्हणून दाखवलं. पंडित बुटका होता हेही सांगितलं. टाळ्या. कुणीतरी सायकलीची फीत सरळ करू लागलं. सायली खाली बसली आणि तिने वही मिटली. रडली वगैरे नाही. वडिलांकडे बघून फक्त मान हलवली, म्हणजे चला.

खरं सांगतो, तेवढ्यातही माझ्या मनात आलं की गप्प बसावं. चार महिने राहिलेत. निरोपाचा समारंभ आहे, भाषणं आहेत. मग मला आत्याची भांडी दिसली. मी उठलो.

"साहेब, तिचं बरोबर आहे. पंडिताची गोष्ट खोटी आहे. मी रचलेली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. ते माइककडे वळले आणि म्हणाले,

"पाहिलंत? विद्यार्थिनीसाठी हा माणूस स्वतःच्या विद्वत्तेवर पाणी सोडतोय. याला म्हणतात गुरू."

टाळ्यांचा कडकडाट. पाटील बाईंनी पदर डोळ्याला लावला. एकाने माझ्या खांद्यावर शाल टाकली. ती शाल दुसऱ्या कुणासाठी आणलेली असावी, कारण त्या पाहुण्यांचा चेहरा पडला.

"अहो साहेब, मी खरं सांगतोय. मी त्या दिवशी दमलो होतो."

"सर, बसा. तुमचं मन आम्ही ओळखतो."

बघा, इतकी वर्षं खोटं बोललो, एकानेही शंका घेतली नाही. आयुष्यात एकदा चारचौघांत खरं बोललो, तर कुणी ऐकायला तयार नाही. मी म्हटलं, "मोबाइलवर बघा, इंटरनेटवर असेल." साहेबांनी मोठ्या मनाने मोबाइल काढला, मराठीत टाकलं, रॉम्बस शब्दाचा उगम. उत्तर आलं आणि त्यांनी ते माइकला लावून सगळ्यांना ऐकवलं. हॉलभर माझाच आवाज घुमला. "अहो, बाज मोडलीत ना शेवटी? आता झोपा जमिनीवर!" तापट बायकोचा प्रवेश. लोक पोट धरून हसले. अख्ख्या मराठीत या विषयावर पहिला पुरावा मीच होतो, आणि दुसरा पुरावा नव्हता.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले.

मी शाल सावरत उभा होतो. तेवढ्यात खालून आवाज आला.

"साहेब, इंग्रजीत टाका. आर, एच, ओ, एम."

सायली उभी राहिली होती. अक्षरं एकेक सुटी सांगत होती. साहेबांनी टाकली. वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. आणि मग त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते सायलीने कपाटापाशी बघितलं होतं तसंच.

"कर्णिक," ते म्हणाले. नावापुढचं 'सर' गेलं होतं. "आपल्या सगळ्या शाळांच्या भिंतींवर आहे हो हे."

"होय साहेब."

"वरच्या ऑफिसला मी फोटो पाठवलेत."

"होय साहेब."

मग चष्मेवाल्या मुलाचे शिक्षक उठले. म्हणाले, आमच्या पोराने भिंतीवर होतं ते सांगितलं, त्याचा काय दोष? आणि ते बरोबरच होतं. शेवटी ठरलं की हा प्रश्न रद्द, दुसरा विचारायचा. साहेबांनी पुस्तक मागवलं आणि मला बजावलं, "तुम्ही आता एक शब्द बोलू नका." गणितातला तज्ज्ञ हात बांधून बसला.

"समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना किती अंशांच्या कोनात छेदतात?"

चष्मेवाला मुलगा वर बघत आठवू लागला. सायलीने डोळे मिटले, हवेत दोन बोटांनी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दोन दोऱ्या ओढल्या आणि बेल वाजवली.

"नव्वद."

सायकल तिला मिळाली. वडिलांनी ती उचलूनच खाली आणली, चाकं जमिनीला लागू दिली नाहीत. मी शाल घडी करून त्या पाहुण्यांना नेऊन दिली. त्यांनी घेतली.

पुढच्या आठवड्यात अस्लमभाईंना परत बोलावलं. मजकूर पुसून नवा लिहायचा होता, पण चित्राचं काय? "सर, बाबा को मिटाने का दिल नहीं करता," ते म्हणाले. मग त्यांनी महाराजांच्या हातात एक भोवरा काढून दिला. आता महाराज मोडक्या बाजेवर बसून भोवरा फिरवतात. जप्त केलेले भोवरे मी पोरांना वाटून टाकले. साहेब मात्र त्यानंतर शाळेत आलेले नाहीत, आणि निरोप समारंभाचं कुणी काही बोलत नाही. बरंच झालं. तेवढी भाषणं वाचली.

पण खरी फजिती ती नाही. ती पुढे आहे.

हॉलमधून बाहेर पडलो तेव्हा सायली सायकल धरून दारात उभी होती. मला वाटलं, पाया पडणार, आशीर्वाद मागणार. चेहऱ्यावर तशी तयारीही केली मी.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"ते दोऱ्या काटकोनात छेदतात म्हणून मी सांगितलं. ते तरी खरं हाय ना?"

आता काय सांगायचं हिला? आयुष्यभर फळ्यावर सिद्ध करून दाखवलेली गोष्ट. मी म्हटलं, "अगं, खरं आहे. पुस्तकात आहे. साहेबांनी बरोबर दिलं ना?"

"साहेबांनी महाराज पण बरोबर दिलेला."

ती सायकलवर बसली आणि वडिलांच्या मागोमाग गेली.

सोमवारी पहिल्या तासाला ती वर्गात आली तेव्हा हातात कंपासपेटी होती. रविवारभर बसली होती म्हणे. घरची बाज काही चौरस नाही, म्हणून चार सारख्या काठ्या बांधून तिने चौकट केली, तिरकी केली, कोपऱ्यांना सुतळ्या ताणल्या, आणि मधला कोन मोजला. मग आणखी तिरकी करून परत मोजला. असं सहा वेळा. वहीत लिहून आणलं होतं. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही पोराने माझं शिकवलेलं असं तपासून बघितलं नव्हतं.

"नव्वदच भरतो, सर," ती म्हणाली, आणि माझी समजूत घालावी तसं जरा हळू आवाजात पुढे म्हणाली, "ह्या टायमाला तुमचं बरोबर हाय."